दुधाची वेळ पाळा: स्वित्झर्लंडच्या डोंगरात एखाद्या कुटुंबाचा गोठा पाहायला जाताना

पहिल्यांदा मी एका आल्पवर पोचले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. तांब्याची भलीमोठी कढई घासून लख्ख झाली होती, त्या दिवसाचं चीज साच्यात दाबाखाली गेलं होतं आणि पहाटे साडेचारपासून उभी असलेली घरधनीण घटकाभर आडवी व्हायला निघाली होती. तरीही ती थांबली, तळघर उघडून दाखवलं, एक तुकडा कापून हातावर ठेवला. मला जे पाहायचं होतं ते मात्र दोन तासांपूर्वीच घडून गेलं होतं.

त्यानंतर ज्या ज्या वेळी गेले, त्या त्या वेळी आधी धारेची वेळ विचारली आणि मग बसचं वेळापत्रक पाहिलं. अशा ठिकाणी सगळा दिवस दुधाभोवती फिरतो. पाहुण्याने त्या फेऱ्यात आपली जागा शोधली, तर घरच्यांना त्रास होत नाही आणि आपल्यालाही खरं काम पाहायला मिळतं. पुढचं सगळं त्याच दृष्टीने लिहिलं आहे.

आधी ‘आल्प’ म्हणजे काय ते समजून घ्या

आपण आल्प्स म्हणजे डोंगर समजतो. तिथल्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘आल्प’ म्हणजे उन्हाळी कुरण आणि त्यावरचं लाकडी घर. कुटुंबाचा मुख्य गोठा खाली खोऱ्यात असतो. बर्फ वितळलं की गुरं आधी मधल्या टप्प्यावरच्या कुरणात जातात, तिथलं गवत संपत आलं की आणखी वर. सप्टेंबरमध्ये याच वाटेने उलटा प्रवास होतो. वरचा मुक्काम साधारण शंभर दिवसांचा. सरकारी हिशेबसुद्धा याच आकड्यावर चालतो: एका मोठ्या जनावराने शंभर दिवस चरणं हे मोजण्याचं एकक आहे. देशात अशी साडेसहा हजारांच्या आसपास उन्हाळी कुरणं चालवली जातात आणि डिसेंबर 2023मध्ये या उन्हाळी परंपरेला युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली.

चीज वरच का करतात, याचं उत्तरही इथेच आहे. रोजचं दूध डोंगरातून खाली नेणं पूर्वी शक्यच नव्हतं. दहा-बारा लिटर दुधाचं एक किलो टणक चीज होतं, ते महिनोन्‌महिने टिकतं आणि उन्हाळा संपल्यावर एकदम खाली नेता येतं.

खरेदी करताना हा फरक उपयोगी पडतो. वेष्टनावर ‘आल्प’ हा शब्द फक्त या उन्हाळी कुरणांच्या पट्ट्यातल्या मालासाठी वापरता येतो. ‘बेर्ग’, म्हणजे डोंगरी, हा वेगळा शब्द आहे. त्याचा पट्टा मोठा असतो आणि तो माल बारमाही मिळू शकतो.

महिना कोणता निवडाल

जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा काळ सगळ्यांत खात्रीचा. मेअखेरीस खालची कुरणं सुरू झालेली असतात, पण उंचावर अजून बर्फ असू शकतं. सप्टेंबर उजाडला की दूध कमी होत जातं आणि आवराआवर सुरू होते.

सप्टेंबरचं आकर्षण वेगळं आहे. फुलांनी सजवलेल्या, मोठाल्या घंटा बांधलेल्या गाई वाजतगाजत खाली उतरतात. फ्रेंच भाषक भागात याला ‘देझाल्प’ म्हणतात. ग्रुयेर भागातल्या शार्मे गावचा सोहळा सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी असतो. थून सरोवराच्या वरच्या अंगाला युस्टिसताल नावाचं खोरं आहे. तिथे उन्हाळाभर केलेल्या चीजची वाटणी होते: चकत्यांच्या उतरंडी रचतात आणि ज्याच्या गाईंनी जितकं दूध दिलं, तितका त्याचा वाटा. कोणती रास कोणाची, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. हे सोहळे जरूर पाहा, पण त्या दिवशी कोणाच्या गोठ्यात शिरून प्रश्न विचारायची अपेक्षा ठेवू नका. घरातला प्रत्येक माणूस गुंतलेला असतो.

हिवाळ्यात गेलात तर वरची घरं बंद असतात. तेव्हा खोऱ्यातल्या गोठ्यालाच भेट द्यावी लागते.

जागा कशी शोधायची

वेळ कमी असेल किंवा सोबत अगदी लहान मुलं, वयस्कर माणसं असतील, तर पाहुण्यांसाठीच चालवलेल्या चीजशाळेपासून सुरुवात करा. ग्रुयेर भागात प्रांजी इथे रेल्वे स्थानकासमोरच अशी जागा आहे, तिथे काचेपलीकडून मोठ्या प्रमाणावरचं काम दिसतं. जवळच मोलेझों डोंगराच्या पायथ्याशी जुन्या लाकडी घरात चुलीवर चीज करून दाखवतात. आपेन्झेल भागात श्टाइन गावीही एक चीजशाळा आहे. इथे शिकायला भरपूर मिळतं, पण कुटुंबाची भेट होत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे शेतघरात मुक्काम. ‘फेरिएन आउफ डेम बाउएर्नहोफ’ (शेतघरातली सुट्टी) आणि ‘श्लाफ इम श्ट्रो’ (पेंढ्याच्या अंथरुणावर झोप) हे शब्द लक्षात ठेवा, याच नावांनी शोधलं की सोयी सापडतात. माझ्या मते हा सगळ्यांत चांगला मार्ग आहे. एक रात्र राहिलात की संध्याकाळची धार, पहाटेची धार आणि सकाळचं चीज असा पूर्ण फेरा पाहायला मिळतो आणि मुक्कामाचे पैसे दिल्यामुळे कोणाच्या कामात फुकट लुडबुड केल्याची रुखरुख राहत नाही.

तिसरा मार्ग थेट आल्पवर चालत जाण्याचा. बेर्नच्या डोंगराळ भागात झिमेनताल आणि झानेन परिसरात घरोघरी चीज होतं. शेजारच्या वो प्रांतात लेतिवा नावाचं चीज सुमारे सत्तर कुटुंबं करतात. त्यांचा नियम कडक आहे: 10 मे ते 10 ऑक्टोबर या काळातच आणि तांब्याच्या कढईत, लाकडाच्या जाळावरच. व्हाले प्रांतात काळ्या, ठेंगण्या, अंगाने दणकट अशा एरांस जातीच्या गाई दिसतात. कळपात पहिला मान कोणाचा, हे त्या शिंगाला शिंग भिडवून ठरवतात. कुठल्या आल्पवर पाहुण्यांचं स्वागत होतं, हे गावातल्या पर्यटन कार्यालयात नेमकं कळतं. मोबाइलवर तासभर घालवण्यापेक्षा तिथली पाच मिनिटं जास्त कामाची.

1 ऑगस्टला, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय दिनी, तुम्ही तिथे असाल तर आणखी एक संधी आहे. 1993पासून त्या दिवशी देशभरातली शेकडो शेतकरी कुटुंबं अंगणात टेबलं मांडून सकाळची मोठी न्याहारी देतात. जागा आधी राखून ठेवावी लागते.

निरोप कसा पाठवायचा

दहा-पंधरा दिवस आधी लिहा. फोन करायचा तर दुपारच्या जेवणानंतर करा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला त्यांचे हात कासेला लागलेले असतात. निरोप छोटा ठेवा आणि जर्मन किंवा फ्रेंचमध्ये भाषांतर करून पाठवा. त्यात एवढंच असावं: किती जण, मुलांची वयं, कोणती तारीख, काय पाहायचं आहे, किती वेळ थांबणार, किती पैसे द्यायचे आणि ‘तुमच्या सोयीची वेळ कोणती?’ हा शेवटचा प्रश्न विसरू नका. शाकाहारी असाल, कोणाला दुधाची ॲलर्जी असेल, तर तेही याच निरोपात कळवा.

उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग सोडून द्या. अनेक आल्पवर दोघं-तिघंच राबत असतात, त्यांना खरोखरच सवड नसते. ठरलेली भेट ऐन वेळी रद्द झाली तरी रागावू नका. तीन-चार दिवस कोरडं ऊन पडलं की गवत कापून, वाळवून आत घ्यावं लागतं. सगळ्या हिवाळ्याची वैरण त्यावर अवलंबून असते. पाऊस उद्या येणार असेल तर आज कोणीही पाहुण्याशी बोलत उभं राहणार नाही.

काय न्यायचं, काय मुळीच न्यायचं नाही

हा भाग वरवर वाचू नका. ज्या देशांत लाळ्या खुरकूत हा गुरांचा झपाट्याने पसरणारा रोग आढळतो, तिथून येणारा माणूस तो रोग बुटांच्या तळव्याला चिकटलेल्या शेण-चिखलातून किंवा डब्यातल्या दुधा-मांसाच्या पदार्थातून नेऊ शकतो. माणसाला त्यातून काही होत नाही, पण एका गोठ्यात शिरकाव झाला की अख्खा कळप मारावा लागतो. जानेवारी 2025मध्ये जर्मनीत हा रोग 1988नंतर प्रथमच सापडला. कुरणावरच्या कुटुंबासाठी ही भीती अगदी दारातली आहे.

तेव्हा आपल्या गावाकडच्या गोठ्यात वापरलेले बूट घेऊन जाऊ नका. नवे किंवा पूर्ण धुऊन वाळवलेले बूटच न्या. गेल्या काही दिवसांत तुम्ही दुसऱ्या देशात गुराढोरांजवळ गेला असाल, तर यजमानांना आधीच सांगा आणि ते म्हणतील तसं करा. दूध, तूप, मांस असलेले पदार्थ युरोपबाहेरून सामानातून स्वित्झर्लंडमध्ये नेता येत नाहीत. आडवाटेने नेलेल्या असल्या पदार्थांचा उरलासुरला भाग कुरणात टाकणं हा तर अपराधच.

बाकी तयारी साधी. घोट्यापर्यंत आधार देणारे बूट, एक गरम थर, पावसाचं जॅकेट, कारण दीड-दोन हजार मीटर उंचीवर जुलैतही हवा तासाभरात पालटते. पायभर विजार घाला आणि परतल्यावर अंगावर गोचिडी शोधा. फ्रँक, म्हणजे तिथलं चलन, छोट्या नोटांत जवळ ठेवा. तिथे ट्विंट नावाच्या ॲपने पैसे देतात, पण ते चालवायला स्वित्झर्लंडमधलं बँक खाते लागतं, त्यामुळे प्रवाशाला रोखच बरी. अनेक ठिकाणी दारात एक फ्रिज आणि शेजारी पैशांची पेटी असते, कोणी पाहत नसतं. मोजून पैसे टाका, सुटे परत मिळत नाहीत.

वर जाण्याची वाट

खोऱ्यातून पोस्टाच्या पिवळ्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाता येतं. परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी टिपून घ्या. काही डोंगरी मार्गांवर ती दुपार कलताच सुटते. पुढे चालायचं. पिवळी पाटी म्हणजे सोपी पायवाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट आणि पांढरा-निळा-पांढरा म्हणजे अनुभवी गिर्यारोहकांची वाट. तिसरीवर सहज म्हणून पाऊल टाकू नका. पाटीवर लिहिलेला वेळ न थांबता चालण्याचा असतो. मुलं बरोबर असतील तर त्यात निम्मा वेळ आणखी धरा.

वाटेत फाटकं लागतात. जसं सापडलं तसं मागे सोडा, बंद होतं तर बंदच करा. कुंपणाची पातळ तार विजेची असते, मुलांना आधीच दाखवून ठेवा.

गाईंबद्दल एक गोष्ट गांभीर्याने घ्या. धारेच्या गाई बहुतेक शांत असतात. वासरांसह चरणाऱ्या गाई तशा नसतात. ‘वासराची आई वासराला जपते’ अशा अर्थाच्या पाट्या कुरणांच्या तोंडाशी लावलेल्या दिसतील. अशा कळपाला लांबून वळसा घाला, वासराला हात लावू नका, गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका. गाय मान खाली घालून फुसफुसू लागली तर पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. बरोबर कुत्रा असेल तर दोरीवर ठेवा, पण गाय अंगावर आलीच तर दोरी सोडून द्या. तिचा रोख कुत्र्यावर असतो आणि तो तुमच्यापेक्षा वेगाने पळतो. शेळ्या-मेंढ्यांजवळ पांढरे दांडगे राखणदार कुत्रे भुंकत आले तर थांबा, काठी उगारू नका, ते तुम्हाला ओळखून शांत झाले की सावकाश बाजूने जा. ड्रोन उडवू नका, कळप बिथरून कड्याकडे धावू शकतो.

अपघात झाला तर 112, रुग्णवाहिकेसाठी 144, हेलिकॉप्टर बचाव पथकासाठी 1414.

सकाळ: कढईपाशी

पोचल्यावर आधी नमस्कार. पूर्वेकडे ‘ग्रुएत्सी’, बेर्नकडे ‘ग्रुएसेख’, फ्रेंच भागात ‘बोंझूर’. घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलालाही. मग उभं कुठे राहायचं ते विचारा आणि तिथेच राहा. चीज करायची खोली म्हणजे स्वयंपाकघर आणि कारखाना एकत्र. हात धुवा, बुटांवर आवरण दिलं तर घाला, वाकून कढईत डोकावू नका.

काम पहाटेच्या धारेनंतर सुरू होतं. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर गार खोलीत ठेवलेलं असतं. जुन्या पद्धतीच्या घरांत त्यासाठी लाकडी, पसरट, उथळ भांडी वापरतात. वर आलेली साय थोडी काढून लोण्यासाठी बाजूला ठेवतात आणि खालच्या दुधात सकाळचं दूध मिसळतात. कढई एका फिरत्या लाकडी दांड्याला टांगलेली असते. जाळ कमी-जास्त करायचा नसतो, कढईच जाळावरून आत-बाहेर सरकवायची. तांब्यामुळे ऊब सगळीकडे सारखी पसरते.

दूध 31-32 अंशांवर आलं की विरजण आणि रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, पडतं. मग अर्धा-पाऊण तास कोणीही कढईला धक्का लावत नाही. प्रश्न विचारायला हीच वेळ. गाई किती, मुलं शाळा सुरू झाल्यावर खाली जातात का, सगळ्यांत हट्टी गाय कोणती, असं विचारा. शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण खुलतात. मलाही प्रत्येक घरी एक लांबलचक गोष्ट मिळाली आहे.

दूध खरवसासारखं थरथरू लागलं की तारा ओढलेल्या चौकटीने ते कापतात, दाणे गव्हाएवढे होईपर्यंत. आता गप्पा थांबवा. इथून पुढे सतत ढवळत तापमान वर न्यायचं असतं, साधारण पन्नास अंशांपलीकडे. लेतिवासारख्या चीजसाठी 57 अंशांपर्यंत. चीज करणारा मधूनमधून मूठभर दाणे दाबून पाहतो. हात उघडल्यावर गोळा सुटा झाला की झालं. थर्मामीटर जवळ असतो, पण निर्णय हाताचा.

त्यानंतरचा क्षण चुकवू नका. एका लवचिक पट्टीवर कापडाची कड गुंडाळून ती कढईच्या तळातून सरकवतात आणि सगळा दाणा एका दमात उचलतात. निवळी धो धो गळते. तो ओला, जड गोळा गोल साच्यात बसतो आणि वर दाब येतो. निवळी डुकरांना जाते. आल्पवर डुकरं का दिसतात याचं कारण हेच. दुसऱ्या दिवशी चकती मिठाच्या पाण्यात बुडते आणि मग तळघरात. तिथे प्रत्येक चकती नेमाने उलटावी आणि मिठाच्या पाण्याने पुसावी लागते. दोनशे चकत्या असतील तर दोनशे वेळा वाकायचं आणि उचलायचं. तळघरात गेलात तर बोट लावू नका, सालीवरचे सूक्ष्मजीव म्हणजे त्या घराची ठेव आहे.

संध्याकाळ: धार

चार-पाचच्या सुमाराला गाई घंटा वाजवत गोठ्याकडे येतात. धुक्यात जनावर कुठे आहे ते घंटेवरूनच कळतं. गोठ्यात गाईच्या थेट मागे उभे राहू नका, अचानक हालचाल नको, फ्लॅश नको. फोटो काढण्याआधी विचारा, मुलांचे फोटो तर पालकांना विचारल्याशिवाय नाहीच. धार आता बहुतेक ठिकाणी यंत्राने काढतात, पण पहिल्या काही धारा हाताने काढून तपासतात. परवानगी मिळाली तर सडावर हात ठेवून पाहा. मदत करायची हौस असेल तर धारेपेक्षा झाडू मागा. शेण ओढायला माणूस नेहमीच कमी असतो.

मध्य स्वित्झर्लंडच्या कॅथलिक भागात मुक्काम असेल तर अंधार पडताना बाहेर थांबा. काही आल्पवर अजूनही तिथला राबणारा माणूस लाकडी नसराळं तोंडाला लावून चारी दिशांना प्रार्थना म्हणतो: माणसं, गुरं, कुरण सुखरूप राहो. ती पूजा आहे. मोबाइल खिशात ठेवा.

काय खावं, काय घ्यावं

धारोष्ण दूध पुढे आलं की मोह होतो. तिथे कच्च्या दुधावर ते किमान 70 अंशांपर्यंत तापवून प्यावं अशी सूचना असते. मुलांनी, गरोदर स्त्रियांनी आणि वयस्करांनी ती पाळावीच, मी स्वतःही पाळते. गरोदर असाल तर कच्च्या दुधाचं मऊ चीजही टाळा.

शाकाहारी वाचकांनी हे लक्षात घ्यावं: पारंपरिक टणक चीजमध्ये वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट असतं. ग्रुयेर आणि लेतिवा या दोन्ही चीजमध्ये. आल्पवर सरळ विचारा, कोणाला वाईट वाटत नाही. चालणार नसेल तर लोणी, साय आणि दही आहेच. ग्लारुस प्रांतातलं ‘शाबत्सीगर’ हे आम्लाने आणि उष्णतेने फाडलेल्या दुधाचं असतं, रेनेटशिवाय. त्यात निळ्या फुलांच्या मेथीची पूड घालतात, तिचा वास अनेकांना ओळखीचा वाटेल.

चव घेतली की विकत घ्याच. त्या कुटुंबाच्या शंभर दिवसांचं मोल तिथेच होतं. आल्पवरचं चीज किलोला साधारण 20 ते 30 फ्रँक पडतं. घासाघीस नको. प्रवास लांबचा असेल तर ‘होबेलकेझे’ मागा: किमान 18 महिने मुरवलेलं, रंध्याने पापुद्र्यासारखं काढून खायचं चीज. ते कोरडं आणि टणक असतं, पिशवीत घाम येऊन बिघडत नाही.

निघण्याआधी ब्रश मागून बूट तिथेच धुवा. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका अशा देशांच्या प्रवेशअर्जात तुम्ही अलीकडे शेतावर किंवा जनावरांजवळ गेला होतात का, असं विचारतात. ‘हो’ लिहा आणि चीज जवळ असेल तर तेही सांगा. बूट स्वच्छ असतील तर बहुधा एक नजर टाकून सोडतात, खोटं लिहिलं तर दंड होतो. कोणत्या देशात चीज नेता येतं, हे तिकीट काढतानाच पाहून ठेवा.

मुक्कामी पोचल्यावर चीज प्लॅस्टिकमधून काढून कागदात गुंडाळा आणि खाण्याआधी तासभर बाहेर ठेवा. चकतीवर तारीख असेल तर पाहा. तुम्ही जे चाखताय ते बहुधा गेल्या उन्हाळ्यातलं असेल. तुमच्या डोळ्यांसमोर साच्यात बसलेली चकती अजून महिनोन्‌महिने तळघरातच असेल. ती हवी असेल तर निघतानाच घरच्यांना सांगून ठेवा. पुढच्या वर्षी येणाऱ्यासाठी एक चकती बाजूला ठेवायला ती माणसं आनंदाने तयार होतात.